डोळे मिटले की दवाखानाच दिसतो

"मॅडम, बाबा कसे होते असं कुणी विचारलं की मला त्यांच्या नाकातली नळी आठवते."

जवळचं माणूस गमावलेल्यांशी बोलणं हे माझं काम. हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! कुणाची आई असते, कुणाचा नवरा. साठ-सत्तर वर्षांचं भरलेलं आयुष्य, आणि हाताला लागतात ते शेवटचे आठ-दहा दिवस. त्यामागोमाग हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "माझं प्रेमच कमी पडलं का?"

एका लेकीच्या गोष्टीतून उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मैदानावरची मुलं तिला ताई म्हणतात, मीही इथे ताईच म्हणेन.

ताईचे वडील दिवसा कारकुनी करायचे आणि संध्याकाळी सहा ते आठ वस्तीतल्या मुलामुलींना खो-खो शिकवायचे. तीसेक वर्षं, एक पैसा न घेता. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं. मंडळाने ताईला वडिलांविषयी बोलायला सांगितलं होतं आणि तिच्या वहीत एक ओळ उतरत नव्हती. "सगळे येऊन सांगतात, सर असे होते, सर तसे होते. मला मात्र मॉनिटरवरची हिरवी रेघ दिसते. नळ्या ओढतात म्हणून बांधून ठेवलेले हात दिसतात. त्यांची मुलगी मी, आणि माझ्याकडेच काही नाही."

असं का होतं, ते आधी सांगते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग मांडला होता. माणसांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या ३० सेकंदांत पाणी अंशभर कोमट होत गेलं. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. आपली आठवण काळ मोजत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोघांना ती जास्त वजन देते. दवाखान्यात तर तीव्र क्षण आणि शेवट एकाच खोलीत असतात. तेव्हा नळी आठवते याचा अर्थ प्रेम कमी होतं असा मुळीच नाही.

हे सांगितल्यावर ताईला थोडं हायसं वाटलं. पण समजावून सांगितल्याने आठवणी परत येत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून मी मोठे प्रश्न सोडून दिले.

"बाबा घरी आले हे तुला कशावरून कळायचं?"

"नळाच्या आवाजावरून," ती पटकन म्हणाली. "ते पुढच्या दाराने यायचेच नाहीत. मैदान आखताना पॅन्टच्या तळाला फक्की लागलेली असायची. आई मागच्या दारी बादली भरून ठेवायची. पाय धुवायचे आणि मगच आत. साडेआठला सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मैदान कितीही लाडकं असलं तरी ती वेळ त्यांनी कधी मोडली नाही."

बोलता बोलता ती थांबली. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं असावं. मोठं दार उघडत नसेल तर मी नेहमी अशी मागची दारं शोधते, आणि ती बहुतेक वेळा उघडतात.

चौथ्या भेटीत मात्र तिने खरी गोष्ट सांगितली. वर्षभर कुणालाच सांगितली नव्हती.

"आदल्या संध्याकाळी सिस्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं होतं. पाठ माझ्याकडे होती. दहावीच्या प्रत्येक पेपरला निघताना ते माझ्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचे. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी 'खो' म्हणाले. पहाटे ते गेले." मग अगदी बारीक आवाजात, "मॅडम, खो म्हणजे ऊठ, पळ. मीच त्यांना जा म्हणाले."

ती नळी सारखी का आठवते, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवसांच्या आड हे वाक्य दडलं होतं.

"तुझ्या बोलण्याने ते गेले नाहीत" असं मी लगेच म्हणू शकले असते. ते खरंच होतं. पण दुसऱ्याने दिलेली माफी फार दिवस पुरत नाही. खो-खो मला फारसा कळत नाही, म्हणून मी खरोखरच विचारलं, "मला जरा नीट सांग, खो दिल्यावर काय होतं?"

"ज्याला मिळतो तो उठतो आणि पळायला लागतो."

"आणि देणारा?"

"देणारा त्याच्या जागेवर बसतो. लगेच बसावं लागतं, नाहीतर फाउल..."

पुढे ती बोलली नाही. मीही बोलले नाही. मिनिटभराने तिने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मैदानावरच्या खोलीची. तेराव्यानंतर रोज संध्याकाळी तीच कुलूप उघडत होती. "कुणीतरी उघडायला हवं" एवढंच तिला वाटत होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी रडली.

मी ज्या विचाराने काम करते, त्यात गेलेल्या माणसाशी नातं तोडायला कुणी सांगत नाही. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे स्पष्टपणे मांडलं: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. आपल्याकडे मात्र "विसर आता, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो" हे दहाव्या दिवसापासून सुरू होतं. कृपा करून असं म्हणू नका. दवाखान्याची आठवण ढकलू नका, ती ढकलली की दुप्पट जोराने येते. तिच्या शेजारी दुसऱ्या आठवणी आणून बसवा. लहान, रोजच्या. वास, आवाज, सवयी. एकट्याने जमत नसेल तर इतरांकडून मागून घ्या.

ताईला मी तेच सांगितलं: जुन्या खेळाडूंना ढाल आणि चषक सोडून काहीतरी विचार. एका रिक्षाचालकाने सांगितलं, नापास झाल्यावर महिनाभर सर त्याला घरी जेवायला नेत होते. दुसरा म्हणाला, उपांत्य सामना अर्ध्यावर आमच्यावर सोपवून सर निघून गेले होते, लेकीचं शाळेत नाटक होतं म्हणून. ते नाटक ताईला आठवत होतं. सामना तिला माहीतच नव्हता.

एक गोष्ट महत्त्वाची. जवळचं माणूस जाऊन सहा महिने उलटले तरी झोप, जेवण, काम काहीच रुळावर येत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

वर्षश्राद्धाला ताई पाच मिनिटं बोलली, बहुतेक फक्कीबद्दल. नंतर कधीतरी तिचा फोन आला. सहज विचारलं, आई कशी आहे?

"बरी आहे. अजून रोज मागच्या दारी बादली भरून ठेवते. मावशी म्हणाली, आता बंद कर. मी म्हटलं, राहू दे. मैदानावरून आले की मी तिथेच पाय धुते."