रनवेच्या कडेला घर घ्यावं का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. मी न्यू जर्सीत राहतो, वय ५८, पुढच्या वर्षी नोकरी सोडायचा विचार आहे. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स बऱ्याच वर्षांपासून आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी) मात्र घेतलं नाही. एक जुनं सेस्ना १७२ विमान आहे, ते घरापासून तासाभरावर उघड्यावर बांधून ठेवलेलं असतं, कारण हँगरच्या (विमान ठेवायच्या शेडच्या) वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकून वर्षं लोटली तरी नंबर लागत नाही. आता डोक्यात फ्लोरिडातलं एअरपार्क घोळतंय. सकाळी चहा घ्यायचा, मागचं दार उघडायचं, विमान बाहेर काढायचं. घरंही छान आहेत, हँगर मोठे आहेत. बायको माझ्याबरोबर उडते, पण तिला काही फार हौस नाही, ती म्हणते "तुझं विमान तिथे असेल, माझं काय असेल?" इथलं घर विकून जावं का? आणि त्याआधी काय काय तपासू?

उत्तर : तुमच्या पत्रात घराबद्दल आहे, हँगरबद्दल आहे, चहाबद्दलसुद्धा आहे, पण रनवे कोणाच्या मालकीचा आहे याबद्दल एक ओळ नाही! आणि सगळी गोम तिथेच आहे. घर काय, कुठेही मिळेल. एअरपार्कमधल्या घराला जी जास्तीची किंमत आपण मोजतो ती त्या डांबराच्या पट्टीवर उतरायच्या हक्काची असते, आणि तो हक्क कागदावर नक्की कसा लिहिलाय हे न बघता लोक किचनच्या ग्रॅनाइटवर चर्चा करत बसतात.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एअरपार्क म्हणजे अशी वसाहत जिथे घराला गॅरेजच्या जोडीला हँगर असतो आणि हँगरपासून टॅक्सीवेने, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत न्यायच्या रस्त्याने, थेट रनवेवर जाता येतं. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळचं सिएरा स्काय पार्क १९४६ सालचं, ते यातलं पहिलं मानतात. युद्ध संपलं होतं, विमान चालवता येणारी माणसं भरपूर होती, ओस पडलेल्या धावपट्ट्याही होत्या, त्यामुळे ही कल्पना अमेरिकेत रुजली आणि आज देशभरात अशी सहाशेच्या वर एअरपार्क आहेत. फ्लोरिडात डेटोना बीचजवळचं स्प्रूस क्रीक त्यातलं सगळ्यात मोठं, तेही मुळात नौदलाचं युद्धकाळातलं फील्ड, आता तिथे तेराशेच्या आसपास घरं आणि ४,००० फुटांचा रनवे आहे. पण स्प्रूस क्रीक बघून सगळ्या एअरपार्कचा अंदाज बांधू नका, कारण बहुतेक ठिकाणी चाळीस-पन्नास घरं, एक पट्टी, तीही कधीकधी गवताची, आणि एका टोकाला झाडं असा मामला असतो.

तर मालकी. सगळ्यात बरी स्थिती म्हणजे रनवे आणि टॅक्सीवे घरमालकांच्या असोसिएशनच्या नावावर आहेत आणि तुमच्या घराला ते वापरायचं ईझमेंट (दुसऱ्याची जमीन वापरायचा कायदेशीर हक्क) काउंटीत रीतसर रेकॉर्ड झालंय. म्हणजे तो हक्क जमिनीला चिकटलेला असतो, तुम्ही घर विकलं तर पुढच्याकडे जातो. वाईट स्थिती म्हणजे रनवे मूळ बिल्डरच्या किंवा एखाद्या म्हाताऱ्या मालकाच्या नावावर आहे आणि तुम्हाला नुसती वापरायची परवानगी आहे. तो भला माणूस असेलही हो, पण उद्या त्याची मुलं ती जमीन प्लॉट पाडून विकायला निघाली तर तुमच्या साठ फुटी हँगरात तुम्ही काय टेबल टेनिस खेळणार? टायटल कंपनीला (मालकीचे कागद तपासून त्यांचा विमा देणाऱ्या कंपनीला) स्पष्ट विचारा की हे ईझमेंट आमच्या टायटल पॉलिसीत धरलंय का. एजंटच्या तोंडी "इथे सगळे उडतात, काही प्रॉब्लेम नाही" यावर जाऊ नका. आणि याच वेळी विमान-व्यवहार कळणारा वकील गाठा, घराचे नुसते कागद करणारा नको.

मग पैसा. डांबर विमानं उतरल्यामुळे जितकं झिजतं त्याहून जास्त ऊन-पावसाने म्हातारं होतं, आधी भेगा, मग त्यात गवत, मग खडी सुटायला लागते आणि ती खडी प्रोपेलरला लागते. भेगा भरणं हा किरकोळ खर्च, पण कधी ना कधी पूर्ण नवा थर द्यावा लागतो. समजा त्याला सहा लाख डॉलर लागले आणि घरं चाळीस, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा हजार. असोसिएशनने आधीपासून पैसे बाजूला टाकले असतील तर ठीक, नाहीतर एक दिवस स्पेशल असेसमेंटचं, म्हणजे प्रत्येक घराकडून जादा वसुलीचं, पत्र येतं. म्हणून गेल्या काही वर्षांच्या मीटिंगची मिनिट्स मागा आणि चहा घेत निवांत वाचा, त्यातून रनवेची हालत तर कळतेच, शिवाय कोण कोणाशी बोलत नाही तेही कळतं. जिथे मिनिट्स द्यायला टाळाटाळ करतात तिथून मी असते तर परत फिरले असते. वर्षाची फी कमी आहे म्हणून खूष होऊ नका, कमी फी म्हणजे बऱ्याचदा रनवेचा खर्च पुढच्या माणसावर ढकललेला असतो, आणि तो पुढचा माणूस तुम्ही.

हँगर बघायला जाल तेव्हा मेजरिंग टेप घेऊन जा, खरंच. तुमच्या १७२ चे पंख ३६ फूट १ इंच, शेपटीची उंची ८ फूट ११ इंच. चाळीस फुटी दार म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूटसुद्धा धड राहत नाहीत, आणि हे माप दार पूर्ण उघडल्यावर चौकटीच्या आतून घ्यायचं. बायफोल्ड दार घडी होऊन वर जातं तेव्हा ती घडी खालची उंची खाते, त्यामुळे ब्रोशरमधली उंची आणि खरी मिळणारी उंची यात फरक पडतो. उद्या सिरस एसआर२२ विमान घ्यायचं मनात आलं तर त्याचे पंख ३८ फूट ४ इंच, मग चाळीस फुटात रोज श्वास रोखून ढकलावं लागेल. दारासमोरचा उतारही बघा, एकट्याने विमान मागे ढकलत आत न्यायचंय ना?

रनवेची लांबी हा त्यामानाने सोपा हिशोब आहे. १७२एस च्या हँडबुकात समुद्रसपाटीला, स्टँडर्ड हवेत, पूर्ण वजनावर, ५० फुटी अडथळा धरून उड्डाणाला १,६३० फूट आणि उतरायला १,३३५ फूट दिलेत. तुमचं जुनं मॉडेल, त्याचे आकडे वेगळे, ते तुमच्या पुस्तकात बघा आणि त्यावर फ्लोरिडाची उन्हाळी हवा आणि आपलं वय दोन्ही चढवा. अडीच हजार फुटांची पट्टी आणि टोकाला पाइनची झाडं असतील तर आकड्यात बसतंय म्हणून मनाला बसेलच असं नाही. आपल्या सीएफआयला (उड्डाण शिकवणाऱ्याला) बरोबर नेऊन तिथे दुपारच्या क्रॉसविंडमध्ये, आडव्या वाऱ्यात, उतरून बघा.

इन्शुरन्सवाल्याला घराची ऑफर देण्याआधी फोन करा, नंतर नाही. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत विमान धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं, हे तुम्हाला माहीतच असेल. पण हँगर घरापासून सुटा असेल तर पॉलिसी त्याला "इतर बांधकाम" समजते आणि त्याचं कव्हर बहुधा घराच्या कव्हरच्या दहा टक्केच असतं. मोठ्या स्टीलच्या हँगरला ते कुठे पुरणार, वाढवून घ्यावं लागतं. फ्लोरिडात वादळाचा डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा) बऱ्याचदा घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतो, दोन, पाच, दहा टक्के असा. लोन घेणार असाल तर बँकेचा अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) आसपासच्या विक्रीशी तुलना करतो, आणि हँगरवालं घर त्या भागात वर्षानुवर्षं विकलंच गेलं नसेल तर तो हँगरला मोठी शेड म्हणून मोकळा होतो.

वादळावरून एक गोष्ट सांगते जी ब्रोशरमध्ये नसते. हरिकेन येतंय म्हटल्यावर विमान तिथून हलवायचं आणि घराच्या खिडक्यांना शटर लावायची, ही दोन्ही कामं एकाच दिवशी येतात. तुमच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, म्हणजे ढग यायच्या आत, चांगलं दोन दिवस आधी निघावं लागणार, तेव्हा बायको एकटी शटर लावत बसणार का? हे आत्ताच ठरवा. आणि रेटिंग घेऊन टाका, फ्लोरिडात हिवाळ्यात सकाळचं धुकं आणि उन्हाळ्यात दुपारची गडगडाटी वादळं यांच्यामध्ये उडायचे तास तुम्हाला वाटतात तेवढे उरत नाहीत.

आता वहिनींचा प्रश्न, तो तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त नेमका आहे. एअरपार्क बहुधा गावाबाहेर असतं, किराणा लांब, डॉक्टर लांब, मराठी मंडळ तर त्याहून लांब, आणि शनिवारी सकाळी सगळी पुरुष मंडळी कोणाच्या तरी हँगरात इंजिन उघडून त्याभोवती उभी. काही बायकांना ते वातावरण फार आवडतं, काही स्वतः पायलट असतात, काही वर्षभरात परत जाऊया म्हणतात. वहिनी यातल्या कुठल्या हे तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. न्यू जर्सीचं घर आत्ता विकू नका. एखादा सीझन एअरपार्कमध्येच भाड्याने रहा, बऱ्याच ठिकाणी हँगरसकट घर भाड्याने मिळतं. आणि जाल तर ऑगस्टमध्ये जा! जानेवारीत फ्लोरिडा कोणालाही आवडतं.

राहिला न उडायच्या दिवसांचा विचार. आज तुम्ही ५८. बेसिकमेड, म्हणजे पायलटच्या नेहमीच्या मेडिकल सर्टिफिकेटऐवजी चालणारी सोपी व्यवस्था, २०१७ पासून आहे, त्यात ठराविक डॉक्टरी तपासणी दर ४८ महिन्यांनी आणि ऑनलाइन कोर्स दर २४ महिन्यांनी, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त वर्षं उडता येतं हे खरं. तरी एक दिवस थांबावं लागतंच. त्या दिवशीही तिथे रहावंसं वाटेल का, आणि असोसिएशनचे नियम विमान नसलेल्याला राहू देतात का, हँगर दुसऱ्याला भाड्याने देता येतो का, हे तिन्ही विचारून ठेवा. विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक थोडं असतं, विमानवालाच शोधावा लागतो, त्यात वेळ जातो. माझं मत विचाराल तर दोघांनाही तो गाव विमानाशिवाय आवडत असेल तरच घ्या.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये एक घर बघतोय, ते एअरपार्कमध्ये नाही, पण गावच्या सार्वजनिक विमानतळाला लागून आहे, कुंपणातल्या गेटमधून विमान जमिनीवरून चालवत आत नेता येतं. एजंट म्हणतो सरकारी विमानतळ आहे त्यामुळे हक्क कायमचा. खरं का?

उत्तर : नाही. रनवे कायम राहण्याची शक्यता जास्त, हे बरोबर, कारण त्याला सरकारी पैसा मिळतो. तुमचं गेट कायमचं नाही. या प्रकाराला थ्रू-द-फेन्स म्हणतात आणि एफएएला (अमेरिकेच्या सरकारी विमान-खात्याला) घरांच्या बाबतीत तो कधीच फारसा आवडला नाही. २०११ मध्ये त्यांनी सरकारी अनुदान घेणाऱ्या विमानतळांवर अशी नवीन घरं बंदच केली होती, मग २०१२ च्या कायद्यात अमेरिकन काँग्रेसने जनरल एव्हिएशन (मुख्यतः खासगी, छोट्या विमानांच्या) विमानतळांना परवानगी दिली, पण अटींवर. विमानतळावर विमान ठेवणारे भाडेकरू जे भरतात त्याच्या तोडीची फी तुम्ही भरायची, गेटपर्यंतच्या टॅक्सीवेचा खर्च तुमचा, घराच्या जागेत विमानाचा धंदा करायचा नाही, शेजाऱ्याला तुमच्या अंगणातून आत सोडायचं नाही, आणि घरी विमानात इंधन भरायचं नाही. ही शेवटची अट लोकांना माहीतच नसते, हँगरात टाकी बसवायची स्वप्नं बघत असतात!

तेव्हा विमानतळ ज्याच्या ताब्यात आहे, शहर किंवा काउंटी, त्यांच्याशी झालेला करार मागवा आणि तीन गोष्टी बघा : मुदत किती, घर विकल्यावर नवीन मालकाच्या नावावर होतो का, आणि फी कोण कशी वाढवू शकतो. मुदतीची पाच वर्षं उरली असतील तर किंमतही त्या हिशोबाने बोला. एजंटला म्हणावं "कायमचा" हा शब्द मला करारात दाखव.

प्रश्न : आई-बाबा एअरपार्कमध्ये राहायला गेलेत, सुट्टीत मुलांना घेऊन जाणार आहोत. रस्त्यावरून विमानं जातात म्हणे. मुलगा चार वर्षांचा, घाबरायचं कारण आहे का?

उत्तर : घाबरू नका, पण नियम पहिल्याच दिवशी सांगा. कॅलिफोर्नियातल्या कॅमरन पार्क या एअरपार्कचे फोटो तुम्ही बघितले असतील, तिथे रस्ते शंभर फूट रुंद आहेत आणि पंख वरून जावा म्हणून पाट्या मुद्दाम बुटक्या ठेवल्यात. अशा रस्त्यावर विमान आलं की गाडी, सायकल, गोल्फ कार्ट सगळ्यांनी बाजूला व्हायचं, विमानाला आधी वाट. शेपटीच्या चाकाच्या विमानात जमिनीवरून जाताना पायलटला समोरचं नीट दिसतच नाही, तो नागमोडी येतो ते त्यासाठीच, त्यामुळे "काका बघतील आपल्याला" हे मुलाच्या डोक्यात राहू देऊ नका.

खरी भीती रस्त्यापेक्षा हँगरची. बंद विमानाच्या प्रोपेलरलाही हात लावायचा नाही, इंजिन बंद दिसलं तरी पातं हाताने फिरवल्यावर ते अचानक सुरू होऊ शकतं, हे मोठ्यांनाही माहीत नसतं. आणि आजोबांना आधीच सांगून ठेवा की हँगरच्या दाराचं बटण मुलाच्या हाताला येणार नाही असं बघा आणि घरातून हँगरात जाणाऱ्या दाराला वर कडी बसवून घ्या.