घरी बर्न केलेल्या ऑडिओ सीडीचा आवाज इतका खराब का येतो?

तुम्ही विचारलंय की जुन्या कॅसेटवरची गाणी काँप्युटरवर घेऊन घरीच ऑडिओ सीडी केली, पण आवाज बोदा आणि फाटका येतो, गाडीत तर मध्येच अडकतो. तर कोरी सीडी महागातली घ्यावी का आणि बर्न कमी स्पीडने करावं का.

आधी सीडीला दोष देणं थांबवा. ‘चांगल्या कंपनीची कोरी सीडी घे’ आणि ‘स्लो स्पीडला बर्न कर’ हे दोन सल्ले आमच्या घरात मी इतकी वर्षं ऐकतेय की आता ऐकले तरी डोकं फिरतं. बर्निंग बिघडलं तर सीडी टिकटिक करते, उडी मारते, अडकते, क्षणभर गप्प होते. प्लेअर वाचताना आलेल्या चुका आधी दुरुस्त करतो, ते जमलं नाही तर आजूबाजूच्या आकड्यांवरून मधली जागा अंदाजाने भरतो, आणि तेही जमलं नाही तर तेवढा तुकडा गिळतो. पण गाणाऱ्याचा आवाज घोगरा होणं, तार सप्तकात फाटणं, तंबोरा नाहीसा होणं ही कामं सीडी करत नाही. ते सगळं तिच्यावर आवाज जायच्या आधीच झालेलं असतं.

हे मी इतक्या खात्रीने सांगते त्याचं कारण माझी आई.

आई मिरजेत गाणं शिकवायची. घरात मिरजेतच केलेला तंबोरा होता, आणि तिला जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, मनासारखी लागेपर्यंत ती तारेखालचा दोरा सरकवत बसायची, तोवर समोर बसलेल्या मुलींनी ‘सा’सुद्धा लावायचा नाही. 1980च्या दशकात बाबांनी तिचं गाणं घरच्या टू-इन-वनवर नव्वद मिनिटांच्या कॅसेटींवर भरून ठेवलं होतं. ती गेल्यावर वर्षश्राद्धाला सगळ्या नातेवाइकांना तिच्या गाण्याची सीडी द्यायची असं ठरलं. काम थोरल्या ताईच्या यजमानांनी अंगावर घेतलं. भाऊजी ऑफिसात काँप्युटरवर बसायचे, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारलं नाही.

सीडी आली. बंदिश सुरू झाली आणि मावशीने माझ्याकडे बघितलं. तंबोरा नव्हताच. आई षड्जावर थांबली की स्वर विरताना तुकडे पडत होते, पाण्याखालून आल्यासारखे. तार षड्जाला आवाज चिरकत होता. मी भाऊजींना विचारलं, तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, “अगं, टेपा जुन्या झाल्यात. आणि खरं सांगायचं तर तेव्हा आईंचा आवाजही उतरलाच होता.”

तिचा आवाज उतरला नव्हता. मी त्या वर्षांत रोज सकाळी तिच्यासमोर बसत होते.

मी टेपा घरी आणल्या. भाऊजींनी केलेल्या फाइली ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, तर तार षड्जाच्या जागी लाटेची टोकं वरून आणि खालून सपाट. याला क्लिपिंग म्हणतात, आणि एकदा असं झालं की ते कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. कारण तारेतच होतं: टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर काँप्युटरच्या गुलाबी भोकात खुपसली होती. गुलाबी भोक माइकचं असतं. माइककडून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात म्हणून काँप्युटर ते आत घेतानाच वाढवतो. हेडफोनमधून त्याच्या कितीतरी पट येतं, मग आवाज फाटणारच. वायर निळ्या, म्हणजे लाइन-इनच्या भोकात लावायची. तुमच्या लॅपटॉपला एकच भोक असेल तर लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. महागड्या कोऱ्या सीडीवर घालायचे पैसे यावर घाला.

तंबोऱ्याचं प्रकरण याहून वाईट. टेपेची सूं सूं घालवायला नॉइज रिडक्शन वापरलं होतं. त्यात आधी ‘नुसता नॉइज’ असलेला तुकडा निवडून द्यावा लागतो. भाऊजींनी आई गायला लागायच्या आधीचा तुकडा दिला. त्या तुकड्यात काय होतं? तंबोरा! आपल्याकडच्या मैफलीच्या टेपेत गाण्याआधी शांतता नसतेच. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला काय कळणार, त्याने तंबोऱ्याचे सगळे स्वर कचरा म्हणून नोंदवले आणि संपूर्ण गाण्यातून काढले. आणि तंबोरा षड्ज-पंचमाचा, म्हणजे आई षड्जावर स्वर बारीक करत नेते तिथे तिचाही आवाज त्याच्याबरोबर कापला गेला. मोठ्याने लागलेले स्वर वाचले, विरणारे तुटले. यालाच भाऊजी ‘उतरलेला आवाज’ म्हणत होते.

वर त्यांनी जागा वाचवायला ते 128 केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिटचं, एमपी3 करून ठेवलं होतं आणि त्यावरून सीडी केली होती. ऑडिओ सीडीवर आवाज 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, दोन चॅनेल असा असतो, म्हणजे सेकंदाला 1411 किलोबिट. 128 म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. एमपी3ची पुन्हा ऑडिओ सीडी केली की फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही.

मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून टू-इन-वनचा सैल झालेला बेल्ट बदलून घेतला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, कापूस तपकिरी यायचा थांबेपर्यंत. हेडशेजारचा, हेडचा कोन बदलणारा बारीक स्क्रू टेप चालू असताना केसभर इकडेतिकडे फिरवला, जवारी सर्वांत झणझणीत ऐकू आली तिथे थांबले. (हे टेपेगणिक बदलू शकतं, आणि घट्ट पिळू नका.) आवाज लाइन-इनमधून, सर्वांत मोठ्या जागीही पातळी उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ न देता, थेट डब्ल्यूएव्हीत, म्हणजे काहीही न दाबता ठेवणाऱ्या फाइलीत घेतला. मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात, लागू देत. सूं सूं तशीच ठेवली. कान दोन मिनिटांत तिला विसरतात, तंबोरा नसल्याचं विसरत नाहीत. एक बाजू 45 मिनिटांची आणि ऑडिओ सीडी 80 मिनिटांची, म्हणून अख्खी कॅसेट एका सीडीत कोंबायला गेलेच नाही, एका बाजूला एक सीडी केली. विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केले, पण बर्न ‘डिस्क ॲट वन्स’ने, म्हणजे सगळी सीडी एका दमात, आणि मधली गॅप शून्य ठेवून. ‘ट्रॅक ॲट वन्स’ने, म्हणजे एकेक ट्रॅक वेगळा, केलं तर दर दोन ट्रॅकांच्या मध्ये दोन सेकंदांचा खड्डा पडतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐका. मी वापरलेल्या कोऱ्या सीडी भाऊजींनीच ठेवून गेलेल्या त्याच डब्यातल्या होत्या, ड्राइव्ह तोच, आणि स्पीडला मी हातही लावला नव्हता. ताईच्या घरी ती लावली तेव्हा ताई उठून आत गेली. मावशी म्हणाली, “ही आपली माई.” भाऊजी म्हणाले, “ही कोरी सीडी चांगल्या कंपनीची दिसतेय.” डबा त्यांचाच आहे हे मी तिथल्या तिथे सांगितलं, तरी आजही विषय निघाला की कोऱ्या सीडीचंच बोलतात. भाऊजी, वाचत असाल तर पुन्हा एकदा सांगते, आईचा आवाज उतरला नव्हता.

तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. बर्न करायच्या आधीची फाइल चांगल्या हेडफोनवर ऐका. तिथेच बोदी असेल तर सीडीचा संबंधच नाही. फाइल चांगली आणि सीडी वाईट वाटत असेल, तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने सीडीवरचा ट्रॅक परत काँप्युटरवर घ्या आणि त्यातल्याच सोयीने मूळ फाइलशी ताडून बघा. सुरुवात किंचित सरकलेली असेल, बाकी सगळं जुळलं तर बर्निंग निर्दोष आहे आणि बिघाड प्लेअरमध्ये किंवा स्पीकरमध्ये शोधा.

गाडीत अडकण्याचं मात्र वेगळं आहे, तिथे सीडीचा दोष असू शकतो. सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) वापरली असेल तर ती साध्या, एकदाच लिहायच्या सीडी-आरच्या मानाने फारच कमी प्रकाश परत पाठवते, बऱ्याच जुन्या प्लेअरना ती वाचता येत नाही. वर कागदी लेबल चिकटवलं असेल तर सीडी डुगडुगते. उन्हात डॅशबोर्डवर पडलेल्या सीडीचा रंगथर खराब होतो, आणि ऑडिओ सीडीत डेटा सीडीइतकी चूक-दुरुस्ती नसते. स्पीड अगदी कमी करून उपयोग नाही, हल्लीच्या कोऱ्या सीडी वेगाने बर्न करण्यासाठीच बनवलेल्या असतात. 52एक्सवर अडकत असेल तर 16एक्स किंवा 24एक्स करून बघा. आणि सीडी झाली म्हणून टेपा भंगारात देऊ नका, डब्ल्यूएव्ही फाइलीही दोन ठिकाणी ठेवा.