भुंगेऱ्यांची कुळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करतो आहे. भुंगेऱ्यांचे वर्गीकरण करणारा संशोधक वर्षानुवर्षे नेमके करतो काय? आणि मी सुरुवात कुठून करू? – विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींना नावे मिळाली आहेत. त्यामुळे एका संशोधकाला एक कूळ, बहुतेकदा त्यातल्या दोन-चार प्रजातीच (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आयुष्यभर पुरतात. कामाचा मोठा भाग जुन्या नावांच्या छाननीत जातो. शिंगवाला नर आणि बिनशिंगाची मादी यांना दोन वेगळ्या जाती समजून नावे दिलेली सापडतात. अशा वेळी १७५८ पासूनचे जे सर्वांत जुने वैध नाव, ते टिकते. त्यासाठी मूळ नमुना, म्हणजे ज्या किड्यावरून ते नाव दिले तो, डोळ्यांनी पाहावा लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक जातींचे मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. तुलनेसाठी जवळचे ठिकाण म्हणजे पुण्यात आकुर्डीला असलेले भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र.

खरा कस लागतो तो उत्क्रांतीच्या प्रश्नात : कोणते साम्य वंशातून आले आणि कोणते राहणीतून? सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावासारख्या पाण्यात दोन तऱ्हेचे पाणभुंगेरे मिळतात. दोन्ही काळसर, गुळगुळीत, लांबट. एकाच घरातले वाटतात. पण डायटिसिड कुळातला भुंगेरा मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारतो, हायड्रोफिलिड आळीपाळीने. पहिल्याला उलटा करून भिंगाखाली धरा. मागच्या पायांच्या बुडाचा चपटा भाग पोटाच्या पहिल्या खंडाला मधोमध दुभागतो. दुसऱ्यात तो खंड अखंड दिसतो. म्हणजे एक आडेफागा उपगणातला, दुसरा पॉलिफागातला; भुंगेऱ्यांच्या या दोन वेगळ्या मोठ्या शाखा. पाण्यात दोघे स्वतंत्रपणे उतरले. ग्लासगोच्या रॉय क्रॉसन यांनी १९५५ मध्ये कुळांची जी मांडणी केली, तीत छातीच्या आतल्या सांगाड्याला आणि अळ्यांच्या लक्षणांना वजन दिले ते याचसाठी. आता जनुकांची जोड मिळाली आहे, तरी भिंगाखालचे काम सुटलेले नाही, सुटूही नये.

सुरुवातीला शेणकिडे घ्या; जिल्ह्यातल्या चराऊ माळांवर ते भरपूर मिळतात. प्लास्टिकचा पेला कड जमिनीशी समतल येईल असा पुरा, त्यात दोन बोटे साबणाचे पाणी घाला आणि वर कापडात बांधलेली मूठभर ताजी शेणाची पुरचुंडी टांगा. २४ तासांनी उचला. उशीर झाला तर मुंग्या आणि सडणे दोन्ही नडतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका. आणि नवी जात सापडली, तर २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार तिचे नमुने अधिकृत भांडारात जमा करावे लागतात.

प्रश्न : टाचलेल्या भुंगेऱ्यांचे पाय गळतात, पेटीच्या तळाशी भुकटी साठते. काय चुकते? – शिक्षिका, बार्शी

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पाय गळतात, कारण आपल्या कोरड्या हवेत किडा लवकर कडक होतो आणि तुम्ही त्यानंतर पाय हलवता. झाकणाच्या डब्यात ओली वाळू, त्यावर जाळी, जाळीवर किडा असा एक दिवस ठेवा, मग टाचा. शिवणाची टाचणी गंजते, ३८ मि.मी. लांबीची स्टेनलेस स्टीलची कीटक-टाचणी घ्या आणि ती उजव्या पंखावरणातून, म्हणजे पाठीवरच्या उजव्या आवरणातून घाला. मधल्या शिवणीतून घातली तर दोन्ही आवरणे फाकतात. ५ मि.मी.हून लहान किडा टोकदार कागदी पट्टीवर, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवा. नर असेल तर त्याचे जननांग काढून त्याच टाचणीला जोडा, कारण कित्येक प्रजातींत जात तेवढ्यावरूनच ठरते.

भुकटी अँथ्रेनस नावाच्या भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्यांची. त्या सुके किडे पोखरतात. डांबरगोळ्यांनी त्या मरतीलच असे नाही. पेटी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर दव धरून बुरशी येते.

नमुन्याच्या चिठ्ठीकडे दुर्लक्ष नको. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडण्याची पद्धत, पकडणाऱ्याचे नाव, सगळे त्याच टाचणीवर हवे. वहीत क्रमांक लिहून ठेवला आणि वही हरवली, तर तो नमुना संशोधनाला निरुपयोगी. डीएनएसाठी जादा नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो.

प्रश्न : काजवा हा भुंगेराच का? – वाचक, अक्कलकोट

उत्तर : हो, लॅम्पिरिडी कुळातला. पंखावरणे मऊ असतात म्हणून तसा वाटत नाही.

प्रश्न : उकिरड्यातल्या सगळ्या पांढऱ्या अळ्या हुमणीच्याच का? शेणखत उसाला घालू की नको? – शेतकरी, माढा

उत्तर : सगळ्या नाहीत. अळी सपाट फरशीवर सोडा. पाठीवर उताणी होऊन सरपटली तर ती फुलभुंगेऱ्यांच्या उपकुळातली, कुजलेले खाते. तशी चालली नाही तर शेपटाकडची गुदाची फट दहापट भिंगातून पाहा. फट आडवी असेल तर गेंडा भुंगेऱ्याची शक्यता मोठी. इंग्रजी वाय अक्षरासारखी तीन फाट्यांची असेल तर ती होलोट्रिकिया, म्हणजे माळावरच्या हुमणीच्या गटातली. मुळे खाणारी हीच. खात्रीसाठी पाच-सहा अळ्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेल्या अळ्या काळ्या पडतात आणि शेपटावरची केसांची रचना पाहायला मिळत नाही. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलेच घाला, आणि घालण्याआधी उन्हात पसरून अळ्या वेचा.