पर्यावरण आणि कामगारांच्या आरोग्याचे कायदे भारतात भोपाळ दुर्घटनेनंतरच आले का?

नाही. पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा. पण त्यात होतं काय? शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांत 7 वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी, 7 ते 12 च्या मुलांना दिवसाला 9 तास. मोठ्यांच्या तासांबद्दल अक्षर नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं, तेव्हा कुठे आठवड्याची सुट्टी मिळाली आणि 1891 च्या कायद्यात ती आली. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाने अधिनियम आला.

प्रदूषणाचं म्हणाल तर महाराष्ट्राने 1969 मध्येच जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला होता, केंद्राचा 1974 चा. हवेचा 1981 चा.

म्हणजे भोपाळला 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला तेव्हा कायदे होतेच. पण कारखान्यातलं विष एका खात्याचं आणि भिंतीबाहेरची हवा दुसऱ्याची, अशी वाटणी होती. 1986 चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम ही फट बुजवायला आला. माझ्या मते मात्र खरा महत्त्वाचा बदल कमी चर्चेतला आहे: 1987 ची कारखाने अधिनियमातली दुरुस्ती. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीलाही देणं कारखानदारावर बंधनकारक झालं. तोवर पिंपात काय आहे हे विचारायचीही सोय नव्हती.

आता 1948 च्या कायद्याची जागा 2020 च्या संहितेने (कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांबद्दलचा एकत्रित कायदा) घेतली आहे. ती लागू झाली थेट नोव्हेंबर 2025 मध्ये.