ख्रिस्ती लेखनातील 'दया', 'कृपा' आणि 'तारण'

ख्रिस्ती मराठीत 'दया' आणि 'कृपा' हे शब्द समानार्थी समजावेत का, आणि 'कृपेने तारण झाले' याऐवजी 'कृपेने तारण मिळवले' असे लिहिलेले चालेल का, अशी पृच्छा आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल.

बायबलच्या नव्या करार या भागाच्या मूळ ग्रीक भाषेत 'एलेऑस' आणि 'खारिस' असे दोन वेगळे शब्द असून, मराठी बायबलमध्ये पहिल्यासाठी सामान्यतः 'दया' आणि दुसऱ्यासाठी 'कृपा' योजलेला आढळतो. दया समोरच्याची दैना पाहून उपजते; यरीहोजवळ वाटेवर बसलेला आंधळा येशूला हाका मारून मागतो ती दयाच. कृपेला असे निमित्त लागत नाही. तिचा उगम देणाऱ्याच्या स्वभावात असतो, घेणाऱ्याच्या अवस्थेत नव्हे. नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल चौथ्या वचनात देवाच्या दयेचा आणि लगेच पाचव्यात कृपेचा उल्लेख करतो, त्यामुळे हे शब्द एकमेकांच्या जागी बसवले तर त्याच्या मांडणीतील एक पायरीच गळून पडते.

घोटाळा होतो तो आपल्या रूढ शब्दप्रयोगांमुळे. 'कृपा संपादन करणे', 'मर्जीतला', 'कृपापात्र' या दरबारी वळणाच्या प्रयोगांत कृपेआधी सेवा, निष्ठा किंवा निदान खुशामत गृहीत धरलेली असते. ख्रिस्ती कल्पना नेमकी याच्या उलट आहे. रोमकरांस पत्रात (5:8) आपण पापी 'असतानाच' ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला असे म्हटले आहे, आणि त्या वचनाचा सारा भार मला 'असतानाच' मधल्या 'च' वर पेललेला दिसतो: सुधारल्यावर नव्हे, पश्चात्तापाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही नव्हे. याच पत्रात पुढे (6:23) मरणाला पापाचे 'वेतन' आणि युगानुयुगाच्या जीवनाला देवाचे 'कृपादान' म्हटले आहे. वेतनासाठीचा ग्रीक शब्द 'ऑप्सोनिया' सैनिकाच्या पगारासाठी वापरला जाई. म्हणजे पापाच्या पदरी पडते ते कमावलेले, आणि देवाकडून येते ते न कमावलेले. 'कृपादान' हा जोडशब्द येथे फारच चपखल आहे.

आता 'तारण'. कर्जव्यवहारातील 'तारण ठेवणे' येथे अभिप्रेत नाही. पाप आणि मरण यांतून तारले जाणे, हा अर्थ आहे. इफिसकरांस पत्राच्या त्याच दुसऱ्या अध्यायातील आठव्या वचनात, जेथे 'कृपेने तारण झाले' हे शब्द येतात, ग्रीक क्रियापद कर्मणी आणि पूर्णकालवाचक आहे: कृती दुसऱ्याने केली, ती पुरी झाली आणि तिचा परिणाम टिकून आहे. 'तारण झाले आहे' या मराठी रचनेत हे तिन्ही अर्थ सहज उतरतात. शिवाय त्याच वचनात 'हे देवाचे दान आहे' असे म्हटले आहे, आणि या 'हे' वर भाष्यकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. ग्रीकमध्ये ते सर्वनाम नपुंसकलिंगी, तर कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. म्हणून ते एका शब्दाकडे नव्हे, तर तारण होण्याच्या संपूर्ण घटनेकडे निर्देश करते, असे बहुतेक जण मानतात. मराठीत 'कृपा' स्त्रीलिंगी, 'विश्वास' पुल्लिंगी आणि 'तारण' नपुंसकलिंगी असल्याने 'हे' आपसूक तारणाशी जुळते.

याचा अर्थ सत्कर्मांना स्थान नाही, असा नव्हे. दहाव्या वचनात ती येतातच, पण तारणाचे फळ म्हणून, किंमत म्हणून नव्हे. त्यामुळे 'तारण झाले' किंवा 'तारण लाभले' असे लिहावे. 'तारण मिळाले' हेही चालेल, कारण मिळणे दुसऱ्याच्या हातून होते. 'मिळवले' मध्ये मात्र कर्ता बदलतो.