प्राध्यापकांच्या कार्यशाळांचा वर्गात खरंच उपयोग होतो का?

होतो, पण निवडून करा. बढतीसाठी लागणारे इंडक्शन (नव्या प्राध्यापकांसाठी) आणि रिफ्रेशर (उजळणीचे) कोर्स मालवीय मिशन या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण योजनेच्या केंद्रांत होतात (२०२३ पर्यंत यांनाच एचआरडीसी, म्हणजे मनुष्यबळ विकास केंद्रं, म्हणत). ते करावेच लागतात.

माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, मेंटॉर-मेंटीच्या (मार्गदर्शक शिक्षक आणि त्याला नेमून दिलेले विद्यार्थी) नोंदी सगळे ठेवतात. पण मराठी माध्यमातून आलेली मुलगी एफवायला अचानक वर्गात यायची बंद झाली, तर तिच्याशी काय बोलायचं, समुपदेशकाकडे कधी पाठवायचं, हे फार कमी ठिकाणी शिकवतात. नुसती पीपीटी दाखवणारी कार्यशाळा टाळा. असे प्रसंग प्रत्यक्ष करून घेणारी, प्रशिक्षित समुपदेशक असलेली शोधा. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आजच वर्गात सांगा, त्यासाठी कुठल्या प्रमाणपत्राची गरज नाही.