खाचरात पाणी, तरी रोप तहानलेले

प्रश्न : रात्री कडाक्याची थंडी होती. सकाळी लख्ख ऊन पडले आणि भाताची पाने गुंडाळू लागली. खाचरात चांगले चार बोटे पाणी आहे. मग रोप सुकते कसे?

पाणी आहे, पण मुळांना ते ओढता येत नाही. हवा तासाभरात तापते; चिखलाला मात्र ऊब यायला कितीतरी वेळ लागतो. पानांतून बाष्प सुटू लागते तेव्हा मुळे अजून रात्रीतच असतात! त्यात 10 अंशांचे पाणी 30 अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक चिकट असते. खरी अडचण त्याहून आत आहे. मुळांच्या पेशींच्या पडद्यात पाणी आत घेणारी प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. गारठ्यात ती नीट काम करत नाहीत, पडदाही ताठर होतो. साधारण 15 अंशांखाली पाण्याचा ओघ झपाट्याने घटतो. त्यामुळे पाने गुंडाळली म्हणून आणखी थंड पाणी सोडू नका. दुपारनंतर पाने उलगडली, तर रोग शोधत बसायचे कारण नाही.

प्रश्न : लावणीनंतर थंडी लांबली. स्फुरद दिलेले असूनही रोपे खुजी, गडद हिरवी राहिली, फुटवे नाहीत. आणखी खत टाकू का?

थांबा. लक्षणे स्फुरदाच्या कमतरतेची दिसतात, पण जमिनीत स्फुरद नाही असा त्याचा अर्थ होत नाही. अन्नद्रव्ये आत ओढायला मुळांना श्वसनातून मिळणारी ऊर्जा लागते आणि थंडीत श्वसनच मंदावते. फटका सर्वांना सारखा बसत नाही: स्फुरदाला सर्वाधिक, अमोनियाच्या रूपातील नत्र आणि पालाशालाही बऱ्यापैकी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला त्या मानाने कमी. शिवाय स्फुरद मातीत मुळातच जागचा फारसा हलत नाही; मुळांनाच त्याच्यापर्यंत वाढत जावे लागते आणि गारठलेले मूळ वाढत नाही. जस्ताची कमतरताही थंडीत जास्त दिसते. नत्राचा पुढचा हप्ता चिखलाला ऊब येईपर्यंत लांबवा. अंदाज बांधू नका, थर्मामीटर पाच-सात सेंटिमीटर खोल खुपसून पाहा. हवेचा आकडा इथे उपयोगाचा नाही.

प्रश्न : मग चिखल जितका गरम तितके बरे का?

नाही. भाताच्या मुळांना 25 ते 30 अंशांच्या आसपास मानवते. 35च्या पुढे प्राणवायूची गरज वाढते आणि गरम पाण्यात तो विरघळतो कमी: 10 अंशांना लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम साडेसात. भात पानांकडून मुळांपर्यंत हवा पोहोचवतो खरा, पण तापलेल्या चिखलात सूक्ष्मजीवही जोरात असतात. ते उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि मुळांना विषारी असा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. रोप उपटून पाहा. तांबूस मुळे चालतील, तो लोहाचा गंज आहे. काळी आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारी मुळे म्हणजे पाणी काढून चिखलाला हवा द्यायची वेळ झाली.

प्रश्न : पाणी आत येते त्या तोंडाशीच रोपे मागे का राहतात?

तिथे सतत थंड पाणी आदळते. पाट लांबवा, पाणी उथळ पसरून तापू द्या. दिवसभर धार चालू ठेवू नका. संध्याकाळी किंवा पहाटे भरून घ्या आणि तोंड बंद करा. भात पोटरीत असताना थंडीची लाट आली तर मात्र पाणी 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंत चढवा. त्या वेळी कोवळी लोंबी अजून खाली खोडातच असते आणि रात्री पाणी हवेपेक्षा उबदार असते.